ब्रॅम्प्टनच्या तीन घरांचा हिशेब : कॅनडाचा कार्बन कर, २०१९ ते २०२५

टोरोंटोला लागून ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा ही शहरं आहेत. भारतातून गेलेल्यांची तिथे दाट वस्ती आहे, त्यात मराठी घरंही आहेत. थंडीत तिथल्या बहुतेक घरांच्या तळघरात घर गरम ठेवणारी फर्नेस घरघरत असते. ती नैसर्गिक वायूवर चालते आणि तिचं बिल दर महिन्याला येतं. २०१९ नंतर त्या बिलात एक वेगळी ओळ छापून येऊ लागली : फेडरल कार्बन चार्ज. २०२४ साली हा दर घनमीटरला १५.२५ सेंट होता. एप्रिल २०२५ मध्ये ती ओळ गेली.

ही ओळ आली कशी, तिने कोणाच्या खिशातून किती काढलं, कोणाच्या खिशात किती टाकलं आणि ती पुसली गेल्यावर कोणाचं काय गेलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. कार्बन कर म्हटला की पहिली हरकत ठरलेली असते : यात गरीब भरडला जातो. हरकत खोटी नाही. गरिबाच्या कमाईतला मोठा वाटा इंधन, वीज आणि अन्नावर जातो, म्हणून इंधन महागलं की टक्केवारीत मार त्यालाच जास्त बसतो. पण कर वसूल होतो तेव्हा गोष्ट अर्धीच झालेली असते. जमलेले पैसे कुठे जातात हा तिचा दुसरा अर्धा भाग, आणि विषमता वाढते की घटते ते तिथे ठरतं. कॅनडाचं उदाहरण मला मोलाचं वाटतं ते यासाठी की तिथे हा दुसरा भाग जाणीवपूर्वक रचलेला होता.

कराची रचना

२०१८ साली कॅनडाच्या संसदेने हरितगृह वायूंच्या प्रदूषणावर किंमत लावणारा कायदा केला. ज्या प्रांताची स्वतःची पुरेशी कडक व्यवस्था असेल त्याने ती चालवावी, नसेल तिथे केंद्राची लागू होईल, अशी रचना होती. ब्रिटिश कोलंबियात २००८ पासूनच कार्बन कर होता. क्यूबेकची उत्सर्जन परवान्यांची बाजारव्यवस्था होती. ओंटारिओही तशाच व्यवस्थेत सामील झाला होता, पण २०१८ मध्ये निवडून आलेल्या डग फोर्ड यांच्या सरकारने ती मोडीत काढली. त्यामुळे एप्रिल २०१९ मध्ये ओंटारिओ, मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि न्यू ब्रन्सविक या प्रांतांत केंद्राचा इंधन आकार सुरू झाला. जानेवारी २०२० मध्ये अल्बर्टा त्यात आला आणि जुलै २०२३ पासून अटलांटिक किनाऱ्यावरचे बाकीचे प्रांत.

सुरुवातीचा दर कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २० डॉलर होता. तो दरवर्षी १० डॉलरने वाढत २०२२ मध्ये ५० झाला, मग ६५, आणि एप्रिल २०२४ मध्ये ८०. पुढे २०३० पर्यंत १७० डॉलरवर न्यायचा होता. (इथून पुढे डॉलर म्हणजे कॅनडाचाच डॉलर.) पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर २०१९ साली लिटरमागे ४.४२ सेंट, २०२४ साली १७.६१ सेंट.

जमलेल्या रकमेतले सुमारे ९० टक्के त्याच प्रांतातल्या कुटुंबांना परत जायचे. परतावा देताना तुम्ही किती पेट्रोल जाळलं किंवा तुमचा पगार किती, हे पाहिलं जात नसे. घरात माणसं किती एवढंच पाहायचे. पहिल्या प्रौढाला पूर्ण रक्कम, जोडीदाराला तिच्या निम्मी, प्रत्येक मुलामागे पाव. ओंटारिओत २०२४-२५ साठी हे आकडे ५६०, २८० आणि १४० डॉलर होते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १,१२०. सस्कॅचेवानमध्ये चौघांना १,५०४ आणि अल्बर्टात १,८०० मिळत, कारण तिथे माणशी इंधन जास्त जळतं आणि वसुलीही जास्त होते. मोठ्या शहरांच्या पट्ट्याबाहेर राहणाऱ्यांना आधी १० टक्के आणि एप्रिल २०२४ पासून २० टक्के जादा.

सोसायटीच्या वर्गणीशी ताडून पाहा. ज्याच्या घरात पाणी जास्त लागतं त्याने जास्त वर्गणी भरायची आणि जमलेली रक्कम वर्षाअखेरी माणशी सारखी वाटून टाकायची. काटकसरीने वापरणाऱ्याच्या हातात काही उरतं, उधळणाऱ्याच्या खिशातून जातं. कॅनडाच्या कराचं गणित याहून अवघड नव्हतं.

तीन घरं

आता ब्रॅम्प्टनला परत येऊ. ही तीन घरं मी हिशेबासाठी उभी केली आहेत. कराचे आणि परताव्याचे दर मात्र २०२४-२५ चे, खरे आहेत.

पहिलं घर म्हणजे बेसमेंट. कोणाच्या तरी घराच्या तळघरात भाड्याने राहणारी एकटी बाई, गोदामात काम करते, वर्षाला ३५,००० डॉलर कमावते, बसने जाते-येते. पेट्रोलचा खर्च शून्य. गरम हवेचा खर्च भाड्यातच धरलेला. वरच्या घरमालकाने गॅसच्या वाढीव बिलातला काही वाटा भाड्यात घातला असेल, आणि दूध-भाजी ट्रकने येते म्हणून तिथेही थोडी झळ बसली असेल. हे सगळं धरूनही रक्कम ५६० डॉलरच्या जवळ जात नाही. परतावा तिच्या कमाईच्या दीड टक्क्याहून थोडा जास्त आहे. वरवर किरकोळ वाटेल, पण महिन्याचा बसपास आणि किराणा सांभाळणाऱ्या माणसाला दर तीन महिन्यांनी येणारे १४० डॉलर चांगले जाणवतात.

दुसरं घर चौघांचं. नवरा-बायको, दोन मुलं, दोघांची मिळून ९०,००० डॉलर कमाई. एक मध्यम गाडी, वर्षाला १८,००० किलोमीटर, शंभर किलोमीटरला ८ लिटर, म्हणजे १,४४० लिटर पेट्रोल. त्यावरचा कार्बन आकार सुमारे २५४ डॉलर. फर्नेस आणि गरम पाण्याला वर्षाला २,४०० घनमीटर गॅस, त्यावर ३६६ डॉलर. बेरीज ६२०. या आकारावर पुन्हा ओंटारिओचा १३ टक्के विक्रीकर लागायचा. करावर कर ही तिथल्या लोकांची रास्त तक्रार होती. तो धरून ७०० डॉलर. परतावा १,१२०. म्हणजे ४२० डॉलर वर उरतात आणि त्यातून किराण्याची, मालवाहतुकीची अप्रत्यक्ष झळ भागवायची. शेवटी थोडेफार हातात राहतात.

तिसरं घर मोठं आहे, कमाई अडीच लाख, माणसं चारच. दारात दोन एसयूव्ही, दोन्ही मिळून ४०,००० किलोमीटर धावतात आणि शंभराला १२ लिटर पितात. ४,८०० लिटर पेट्रोल आणि ४,५०० घनमीटर गॅस. विक्रीकर धरून आकार सुमारे १,७३० डॉलर. परतावा तोच, १,१२०. वर्षाला ६१० डॉलर खिशातून, आणि या घराचा बाकीचा खर्चही जास्त असल्याने अप्रत्यक्ष झळही जास्त. तरी ही तूट कमाईच्या पाव टक्क्याच्या आसपासच.

खालच्या घराला दीड टक्क्याचा फायदा, मधल्याला थोडा आणि वरच्याला पाव टक्क्याची तूट. कर एकटा पाहिला तर तो गरिबाला जड जातो. परताव्यासकट पाहिला तर पैसा वरून खाली वाहतो. श्रीमंत माणूस कमाईचा लहान हिस्सा इंधनावर घालवतो हे खरं, पण डॉलरच्या हिशेबात तो गरिबापेक्षा कितीतरी जास्त जाळतो, आणि वाटप माणशी सारखं असलं की तोच फरक खालच्याच्या पदरात पडतो.

सरकारी हिशेबनीस काय म्हणाले

कॅनडाच्या संसदेला स्वतंत्र अर्थसंकल्प अधिकारी असतो. इव्ह झिरू त्या पदावर असताना त्यांच्या कार्यालयाने हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला. नुसता भरलेला कर आणि मिळालेला परतावा पाहिला तर सरासरी कुटुंब फायद्यात होतं. याखेरीज त्यांनी आणखी एक हिशेब केला : करामुळे तेल-वायू उद्योग मंदावला, मजुरी आणि भांडवलावरचा नफा घटला, तर कुटुंबांची मिळकत किती कमी होईल? २०२२ आणि २०२३ च्या अहवालांत हा परिणाम धरल्यावर बहुतेक कुटुंबं तोट्यात दिसली. विरोधी पक्षनेते पिएर पोइलिएव्हर यांनी नेमका हाच आकडा उचलला आणि सभांतून गाजवला.

मग २०२४ मध्ये कार्यालयाने चूक कबूल केली. मिळकतीतली घट काढताना त्यांनी कारखान्यांवरची वेगळी कार्बन किंमतही त्यात धरली होती, जिचा घरांच्या इंधन आकाराशी संबंध नव्हता. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित अहवालात तोटा बराच खाली आला. पण दोन वर्षं चुकीच्या आकड्यावर झडलेला वाद मागे जाऊन दुरुस्त होत नाही.

मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट दुसरी आहे. आधीच्या आणि सुधारित अशा सगळ्याच अहवालांत उतार एकाच बाजूला होता : वरच्या गटांना झळ जास्त, खालच्यांना कमी किंवा उलट लाभ. मिळकतीतली घट ही मुख्यतः भांडवल आणि मोठे पगार असलेल्यांची होती. शेअर ज्याच्याकडे आहेत त्याचा लाभांश घटतो. बेसमेंटमधल्या बाईकडे शेअर नाहीत. शिवाय वृद्धांचं निवृत्तिवेतन आणि मुलांसाठीचं साहाय्य कॅनडात महागाईशी बांधलेलं आहे. इंधनाने महागाई वाढली की ते आपोआप थोडं वाढतं, आणि गरीब घरांच्या मिळकतीत अशा साहाय्याचा वाटा मोठा असतो. कराने गरीब भरडला जातो असं म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही बाजू सहसा येत नाही.

न दिसलेला पैसा

एवढं असून लोकांना हा पैसा मिळतोय हेच बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. या प्रकरणातला सगळ्यात चटका लावणारा भाग हाच.

पहिली काही वर्षं परतावा वेगळा यायचाच नाही. आयकर विवरणपत्र भरताना एका ओळीत तो वळता व्हायचा. २०१९ साली ओंटारिओतल्या चौघांच्या कुटुंबाला ३०७ डॉलर मिळाले, पण ते कर-परताव्याच्या एकूण रकमेत विरघळून गेले. विवरणपत्र सीएकडून किंवा सॉफ्टवेअरवर भरून घेणाऱ्याने ती ओळ कशाला शोधावी? जुलै २०२२ पासून रक्कम दर तिमाहीला थेट खात्यात येऊ लागली. तरी कित्येक बँकांच्या पासबुकात ती कुठल्यातरी मोघम नावाने नोंदली जायची, त्यामुळे लोक तिला दुसरंच काही साहाय्य समजत. योजनेचं मूळ नावही 'क्लायमेट अॅक्शन इन्सेंटिव्ह' असं होतं. त्यात ना कार्बन, ना परतावा. 'कॅनडा कार्बन रिबेट' हे नाव मिळालं फेब्रुवारी २०२४ मध्ये. तोवर पाच वर्षं गेली होती.

याउलट कर रोज दिसायचा. गॅसच्या बिलावर त्याची वेगळी ओळ होती. पंपावरचा भाव तर हमरस्त्यावर मोठ्या आकड्यांत झळकतो. २०१९ मध्ये ओंटारिओ सरकारने प्रत्येक पेट्रोल पंपावर निळं स्टिकर लावणं सक्तीचं केलं, कार्बन कराने लिटरमागे किती सेंट वाढले ते सांगणारं. परताव्याचा त्यावर उल्लेख नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये प्रांताच्या न्यायालयाने ही सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवून रद्द केली. पण पंपावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं.

२०२२ साली राज्यशास्त्राच्या काही अभ्यासकांनी कॅनडा आणि स्वित्झर्लंडमधल्या लोकमताचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅनडातले लोक आपल्याला मिळणारा परतावा प्रत्यक्षापेक्षा कमी समजतात, आणि परताव्यामुळे कराला मिळणारा पाठिंबा फारसा वाढत नाही, असं त्यात आढळलं. खरा आकडा सांगून काही लोकांचं मत बदलत नाही, कारण मत पक्षावरून ठरलेलं असतं, हेही त्यात होतं. हे वाचून मन खट्टू होतं, पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

महागाईने त्यात तेल ओतलं. जून २०२२ मध्ये कॅनडात महागाईचा दर ८.१ टक्क्यांवर गेला. किराणा, भाडं, कर्जाचे हप्ते, सगळंच चढलं. कार्बन कराच्या वार्षिक वाढीचा त्यात वाटा सुमारे ०.१५ टक्के बिंदू असल्याचं बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर टिफ मॅकलेम यांनी सांगितलं. पण भाजीवाल्याच्या बिलावर हे लिहिलेलं नसतं. पगार पुरत नाही अशा माणसाला समोर दिसणारी एकच ओळ सापडते, आणि राग तिच्यावर निघतो. हा राग मी चुकीचा म्हणणार नाही. त्याची खरी कारणं दुसरीकडे होती एवढंच.

तेलाच्या बंबाची सवलत

२६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी जाहीर केलं की घर गरम करण्यासाठी जळणाऱ्या तेलावरचा कार्बन आकार तीन वर्षं घेतला जाणार नाही. असे तेलाचे बंब प्रामुख्याने अटलांटिक प्रांतांत आहेत. तिथल्या सत्ताधारी खासदारांचा दबाव होता, हे उघड होतं.

माणुसकीच्या नजरेने पाहिलं तर निर्णय समजतो. तेल हे महाग आणि कार्बनने जड इंधन. ते वापरणाऱ्यांत जुन्या घरांतली, बेताच्या कमाईची कुटुंबं बरीच. इथे विषमतेचा दुसरा पदर उघडतो. आतापर्यंत आपण गरीब आणि श्रीमंत अशी तुलना केली. पण सारखीच कमाई असलेल्या दोन घरांतही फरक असतो : एक टोरोंटोच्या मेट्रोजवळच्या इमारतीत, दुसरं नोव्हा स्कोशियाच्या खेड्यात, जिथे बस नाही, गॅसची पाइपलाइन नाही आणि बंब तीस वर्षांचा. माणशी सारखा परतावा या फरकाला पुरेसं उत्तर देत नाही. ग्रामीण जादा रक्कम हे अर्धंमुर्धं उत्तर होतं. कमी उत्पन्नाच्या घरांना तेलाचा बंब काढून विजेचा हीट पंप मोफत बसवून देणं हे त्याहून चांगलं, आणि ती योजनाही याच घोषणेत होती.

बंब बदलून देण्याच्या मदतीवरच सरकार थांबलं असतं तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे. सवलत दिल्यावर सस्कॅचेवानचे प्रमुख स्कॉट मो यांनी विचारलं, आमच्या लोकांनी गॅसवर घर गरम केलं तर त्यांनी काय पाप केलं? जानेवारी २०२४ पासून त्यांच्या प्रांताने घरगुती गॅसवरचा आकार वसूल करणं थांबवलं. धान्य वाळवायला प्रोपेन आणि गॅस जाळणाऱ्या शेतकऱ्यांची मागणी आधीपासून होतीच. 'परताव्यामुळे तुम्ही फायद्यात आहात' हे सरकारचं म्हणणं सरकारनेच पोकळ करून टाकलं, कारण फायदा असता तर सवलत लागली कशाला, हा प्रश्न कोणालाही पडेल.

फ्रान्समध्ये पाच वर्षं आधी वेगळ्या वाटेने असंच घडलं होतं. तिथे टनामागे ४४.६० युरोवर गेलेल्या इंधनावरच्या कार्बन भाराचा घरांना थेट परतावा नव्हता. १७ नोव्हेंबर २०१८ पासून पिवळी जाकिटं घातलेले लोक चौकाचौकांत उतरले, त्यांत गाडीवाचून अडणारे गावाकडचे कामकरी मोठ्या संख्येने होते, आणि पुढची वाढ थांबवावी लागली. आपल्याकडे २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, तो २०१६ पर्यंत ४०० झाला आणि २०१७ मध्ये जीएसटी भरपाई उपकरात मिसळला. चंद्रपूर-कोराडीच्या विजेतून तो आपल्या बिलात येत राहिला, पण बिलावर त्याची ओळ नव्हती, आणि घरांना परत देण्याचा विचारही झाला नाही. त्यावरून कोणी रस्त्यावर उतरलं नाही. न दिसणारा कर टिकतो, पण गरिबाला त्यातून काही मिळतही नाही.

शेवटचा हप्ता

मार्च २०२४ मध्ये कॅनडातल्या २०० हून अधिक अर्थतज्ज्ञांनी कराच्या बाजूने जाहीर पत्र लिहिलं. पोइलिएव्हर यांची 'कर छाटा' ही घोषणा त्याहून दूर पोचली. १४ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतलेल्या मार्क कार्नी यांनी, जे स्वतः कार्बन किंमतीचे जुने समर्थक, त्याच दिवशी घरांवरचा इंधन आकार शून्य करण्याच्या आदेशावर सही केली. १ एप्रिलपासून तो बंद झाला. ब्रिटिश कोलंबियानेही सतरा वर्षं जुना आपला कर त्याच दिवशी घरांसाठी थांबवला. कारखान्यांवरची कार्बन किंमत मात्र चालू राहिली.

एप्रिलमध्ये पेट्रोल वर्षापूर्वीपेक्षा १८ टक्क्यांनी स्वस्त झालं आणि महागाईचा दर १.७ टक्क्यांवर आला. तिसऱ्या घराच्या दोन एसयूव्हींना आणि मोठ्या फर्नेसला वर्षाला १,७३० डॉलरची सूट मिळाली आणि परताव्याचे १,१२० गेले. त्यांचे ६१० डॉलर वाचले. मधल्या घराला ७०० ची सूट मिळाली, १,१२० गेले. बेसमेंटमधल्या बाईला पंपावर काही वाचायचंच नव्हतं. बसचं तिकीट तेवढंच राहिलं, भाडं घरमालकाने कमी केलं असेल असं वाटत नाही.

परताव्याचा शेवटचा हप्ता २२ एप्रिल २०२५ पासून खात्यांत जमा झाला, निवडणुकीच्या सहा दिवस आधी. पुढच्या तिमाहीची तारीख एरवी १५ जुलै असायची. त्या दिवशी बेसमेंटच्या खात्यात १४० डॉलर आले नाहीत.